आबांच्या मळ्याचा ग्रुप: सहा घरं, एक वायफाय

गुरुवार, रात्री

सिस्टर, घर २: आबा, दोन दिवस मनात होतं, आज बोलतेच. मंगळवारी सासूबाई टीव्हीवर कीर्तन ऐकत बसल्या होत्या आणि मधेच कुणाच्या तरी मोबाइलमधला व्हिडिओ आमच्या टीव्हीवर सुरू झाला. त्या घाबरल्या. मी नाइट करून झोपले होते. कुणी मुद्दाम केलं असं माझं म्हणणं नाही, पण सगळी घरं एकाच वायफायवर असली की हे होणारच.

विद्यार्थी, घर ३: सिस्टर, आमच्याकडून झालं. यादीत दोन टीव्ही दिसले आणि चुकीच्या नावावर बोट पडलं. उद्या येऊन आजींची माफी मागतो.

लोको पायलट, घर ६: तुमच्याकडे निदान येतं तरी. आमच्या पत्र्याच्या घरात वायफाय नाही आणि मोबाइलची रेंजही कशीबशी एक दांडी. परवा पहाटे ड्यूटीचा कॉल मला लागलाच नाही. लॉबीवाल्यांनी, म्हणजे रेल्वेत ड्यूटी लावणाऱ्या ऑफिसने, मिसेसच्या फोनवर लावला, ती पाणी भरायला अंगणात आली होती म्हणून लागला. रनिंग स्टाफला कॉल चुकला म्हणजे काय होतं ते भुसावळात कुणाला सांगायला नको.

आबा: मंग एक मोठा डबाच आनू का? दुकानदार म्हने सहा अँटेनाचा हाये, साऱ्या मळ्यात पोहोचते.

फायबरवाला, घर ५: आबा, तो डबा घेऊ नका. घरी पोहोचलो की सविस्तर लिहितो.

फायबरवाला, घर ५: आलो. वायफाय म्हणजे दोन बाजूंचं बोलणं. डब्याचा आवाज कितीही मोठा केला तरी मोबाइलचा आवाज तेवढाच राहतो. राउटरचं आपल्याला ऐकू येईल, आपलं त्याला ऐकू जाणार नाही. आणि मधे काय काय आहे ते बघा. घर २ आणि ३ जुन्या वाड्यातली, धाब्याची, दोन-दोन फूट मातीच्या भिंती. घर ४ स्लॅबचं, त्यात सळई. विहिरीजवळ पाण्याची टाकी, पाणी लहरी पिऊन टाकतं. आणि माझं नि दादांचं घर चारी बाजूंनी पत्र्याचं. पत्र्यावरून लहर परत फिरते, आत शिरतेच कुठे? सहा अँटेना लावा नाहीतर सोळा, पत्रा पत्राच राहतो.

विद्यार्थी, घर ३: भाऊ, आमच्याकडे रिपीटर आहे ना, वायफाय पुढे ढकलणारा डबा. दांड्या फुल असतात.

फायबरवाला, घर ५: त्या दांड्या तुझ्या मोबाइलपासून रिपीटरपर्यंतच्या. रिपीटरपासून आबांच्या राउटरपर्यंत काय मिळतंय ते त्या दांड्या सांगत नाहीत. शिवाय हा स्वस्तातला रिपीटर ज्या हवेत ऐकतो त्याच हवेत बोलतो. एक निरोप दोनदा म्हणायचा, मग वेग जवळपास अर्धा होणारच. त्याच्या पुढे घर ४ ला आणखी एक लावला की अर्ध्याचा अर्धा.

सर, घर ४: वाद घालण्यापेक्षा मोजून घेऊ. उद्या संध्याकाळी सगळ्यांनी एकाच फोनवर, एकाच ॲपने.

शुक्रवार, संध्याकाळ

विद्यार्थी, घर ३: नेटचा वेग मोजला, आकडे एमबीपीएसमध्ये. टेप घेऊन फिरलो, अंतरंपण लिहिली. आबांचा ओटा, राउटरच्या खिडकीसमोर: १८६. सिस्टरांची पुढची खोली: ३१, स्वयंपाकघर: ४. आमची खोली रिपीटरवर, दांड्या फुल: ११. सरांची गॅलरी: ९, आत २. घर ५ आणि ६: जोडलंच जात नाही. प्लॅन २०० एमबीपीएसचा आहे. अंतरं आबांच्या राउटरपासून, वायर जिथून जाईल त्या वाटेने: घर २ ला २२ मीटर, घर ४ ला ६४, घर ५ ला ९०, घर ६ ला ११८.

सिस्टर, घर २: फुल दांड्यांवर ११! आणि मी माझ्या फोनला दोष देत होते.

सर, घर ४: माझा प्रश्न वेगळा आहे. प्रत्येकाने आपापलं कनेक्शन का घेऊ नये? भानगडच नाही.

लोको पायलट, घर ६: सर, मी घ्यायला तयार होतो. कंपनीचा माणूस विहिरीपर्यंत येऊन परत गेला. मागे खांब नाही म्हणाला.

विद्यार्थी, घर ३: आमचा भाडेकरार ११ महिन्यांचा. सहा महिन्यांचे पैसे आगाऊ भरायचे आणि परीक्षा संपली की सोडून जायचं. आम्हाला नाही परवडत सर.

आबा: आनि मांगे एक डबा जळला होता ना, तो कसा? तव्हा वायरच होती.

फायबरवाला, घर ५: बरं झालं आबा, विषय काढला. मला हेच सांगायचं होतं.

मागच्या जूनमध्ये पहिला पाऊस आला तेव्हा आधीच्या भाडेकरूने आबांच्या घरातून घर ४ पर्यंत तांब्याची लॅन वायर ओढलेली होती. वीज आपल्या मळ्यात पडली नव्हती, पलीकडे कुठेतरी पडली होती. तरी दोन्ही टोकांचे पोर्ट गेले. मी डबा उघडून पाहिला होता: सॉकेटच्या मागची चिप मधोमध फुटलेली, भोवती काळा डाग, आणि वास अजून येत होता. दोन वेगळ्या इमारतींचं अर्थिंग वेगळं असतं. वीज कडाडली की दोन्ही जमिनींच्या विजेच्या दाबात फरक पडतो आणि तो फरक मधल्या तांब्यातून धावतो. म्हणून घरातल्या घरात तांबं चालेल, पण घरापासून घरापर्यंत फायबरच. काच आहे ती, वीज वाहून नेत नाही.

दुसरी गोष्ट अंतराची. तांब्याच्या लॅन वायरची मर्यादा १०० मीटर. दादांचं घर ११८ वर आहे, म्हणजे तांबं तिथे तसंही बसत नाही. फायबरला एवढं अंतर म्हणजे काहीच नाही, मी रोज किलोमीटरने ओढतो.

सर, घर ४: गच्चीवर दोन डिश लावून हवेतून नेता येतं ना? ५ गिगाहर्ट्झचा पट्टा आपल्याकडे २०१८ मध्ये विनापरवाना खुला झाला, असं वाचलं होतं.

फायबरवाला, घर ५: येतं सर, आणि परवानगीचाही प्रश्न नाही. शेताच्या पलीकडच्या घरापर्यंत न्यायचं असतं तर मीच म्हणालो असतो. पण त्याला समोरासमोर मोकळी नजर लागते. आपल्यात मधे कडुनिंब, पुढे केळी. ओल्या पानांतून ती लहर जात नाही, पावसाळ्यात रोज तक्रार. ११८ मीटरला खणून टाकलेलं बरं.

आबा: म्हनजे ठिबकसारखं. पयले मेन लाइन, मंग सबमेन, मंग लॅटरल. तुम्ही आतापावेतो एका लॅटरलले दुसरी लॅटरल जोडत होते, शेवटच्या झाडाले पानी कसं जाईल?

फायबरवाला, घर ५: आबा, अगदी हेच. तुम्ही एका ओळीत सांगितलं.

सर, घर ४: ठीक, वायरचं पटलं. पण कनेक्शन आबांच्या नावावर आहे. सहा घरांतून कुणी काही चुकीचं केलं तर पोलीस आधी आबांच्या दारात येतील. शिवाय नेट विकण्याला नियम आहेत. केंद्रीय मंत्रिमंडळाने ९ डिसेंबर २०२० ला पीएम-वाणी ही सार्वजनिक वायफायची योजना मंजूर केली, त्यात चहाच्या टपरीवाल्यालाही परवान्याशिवाय वायफाय देता येतं, पण नोंदणीकृत ॲग्रिगेटरमार्फत, म्हणजे अशा वायफायवाल्यांना एकत्र जोडणाऱ्या कंपनीमार्फत, आणि वापरणाऱ्याची ओळख पटवून. त्या वाटेशिवाय नुसतं घरगुती कनेक्शन वाटणं हे त्यात बसत नाही.

आबा: मी विकत नही. मळ्यातली पाइपलाइन जशी माझी, तशी ही बी माझी. भाडं वाढवनार नही. घरातला राउटर ज्याचा त्याचा.

फायबरवाला, घर ५: सरांचं म्हणणं सोडून देऊ नका आबा. सोमवारी कंपनीच्या ऑफिसला लेखी विचारा की सहा घरांत वापरायचं आहे, कोणता प्लॅन चालेल. नाही म्हणाले तर प्लॅन बदलू, वायर वाया जात नाही. आणि डेटाचंही विचारा. बऱ्याच ‘अमर्याद’ प्लॅनला महिन्याला ३३०० जीबीची मर्यादा असते, त्यानंतर वेग पडतो. सहा घरांत ती गाठायला वेळ लागत नाही.

सर, घर ४: भाडेकरारात एक कलम मी लिहून देतो. कोणत्या घराला कोणता राउटर, तारखेसह.

सिस्टर, घर २: माझ्या टीव्हीचं काय मग?

फायबरवाला, घर ५: सिस्टर, ते यातच सुटतं. प्रत्येक घरात स्वतःचा राउटर, त्याचं स्वतःचं नाव आणि पासवर्ड. आलेली वायर राउटरच्या वॅन पोर्टला, म्हणजे बाहेरून नेट घेणाऱ्या सॉकेटला लावायची, बहुतेक निळा असतो, बाकीच्यांपासून वेगळा. मग तुमच्या घराच्या आत काय काय आहे ते दुसऱ्या घराला दिसत नाही. टीव्ही तुमचा तुमच्यापुरता.

इथे सगळ्यांनी लक्ष द्या, कारण चूक एकाची आणि बंद सगळ्यांचं होतं. तीच वायर चुकून पिवळ्या लॅन पोर्टला, म्हणजे घरातल्या यंत्रांसाठीच्या सॉकेटला लावली, तर तुमचा राउटर मळ्यातल्या बाकीच्यांनाही नेटवरचे पत्ते (आयपी) वाटायला लागतो. आबांचाही वाटतो, तुमचाही वाटतो, ज्याला तुमचा पत्ता मिळाला त्याचं नेट बंद. असं एका होस्टेलला झालेलं मी दिवसभर शोधत होतो, शेवटी एका खोलीत पलंगाखाली सापडलं. दुसरं: आबांचा राउटर १९२.१६८.१ वर आहे, तुमचा त्याच आकड्यावर ठेवू नका. घर २ ला १९२.१६८.२०, घर ३ ला ३०, घर ४ ला ४०, असं मी लावून देईन.

विद्यार्थी, घर ३: मग सहा राउटर एकमेकांना त्रास देणार नाहीत?

फायबरवाला, घर ५: चांगला प्रश्न. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच: १, ६ आणि ११. शेजारच्या घरांना वेगवेगळे वाटून देऊ, चॅनलची रुंदी २० मेगाहर्ट्झवर ठेवू. खोलीत बसून बघायचं असेल तर फोन ५ गिगाहर्ट्झला जोडा. ते भिंतीपलीकडे फार जात नाही आणि आपल्याला तेच हवंय.

लोको पायलट, घर ६: राउटर कुठे ठेवायचा? मी पत्र्याखालच्या माळ्यावर जागा केली होती.

फायबरवाला, घर ५: दादा, माळ्यावर नको. घरगुती राउटरवर बहुतेक ४० अंशांपर्यंतच लिहिलेलं असतं आणि मे महिन्यात आपल्याकडे बाहेरच ४५ च्या वर जातं. पत्र्याखाली हात धरवत नाही. छातीच्या उंचीला, आतल्या भिंतीवर, फ्रिजच्या मागे नाही. आणि फोनमध्ये वायफाय कॉलिंग चालू करा, मग रेंज नसली तरी लॉबीचा कॉल नेटवरून येईल. त्यासाठी लाइट गेली तरी नेट राहायला हवं. आबांकडचा ओएनटी (कंपनीची फायबर जिथे येते तो डबा) आणि नेटच्या वायरी वाटणारा स्विच त्यांच्या इन्व्हर्टरवर घेऊ. तुमच्या राउटरला नि मीडिया कन्व्हर्टरला (फायबरमधला उजेड लॅन वायरला जोडून देणारा डबा) १२ व्होल्टचा छोटा यूपीएस लावा, विकत घेताना दोन्ही डब्यांचे ॲडॉप्टर दुकानात घेऊन जा.

शनिवार, दुपार

फायबरवाला, घर ५: सामान आणलं. घर २ पर्यंत एक फायबर, तिथून घर ३ एकाच भिंतीला लागून आहे म्हणून आतून साधी लॅन. घर ४, ५, ६ ला वेगवेगळे फायबर. मीडिया कन्व्हर्टर गिगाबिटचे घेतले. दुकानदार १०० चे स्वस्तात देत होता, पण २०० च्या प्लॅनला १०० चा नळ कशाला? ए आणि बी अशी जोडी असते, दोन्ही ए लावले तर दिवाच लागत नाही. मी ए सगळे आबांच्या बाजूला लावणार आहे आणि प्रत्येकावर घराचा नंबर चिकटवणार आहे.

आबा: उद्या ट्रॅक्टर फिरवू नका म्हनून गड्याले सांगलं. चारी सकायी सहालेच खनतो, ऊन व्हायच्या आत.

रविवार, रात्री

विद्यार्थी, घर ३: खोलीत १७०. रिपीटर काढून ठेवला.

सिस्टर, घर २: स्वयंपाकघरातही चालतंय. टीव्हीच्या यादीत आता फक्त आमचाच टीव्ही. सासूबाईंनी मुलांसाठी शेवभाजी ठेवली आहे, घेऊन जा.

लोको पायलट, घर ६: आमच्याकडे सकाळी लाल दिवा होता. भाऊने लाल लाइटचा पेन वायरीत लावला आणि खोलीत अंधार केला. खिडकीच्या चौकटीपाशी पिवळ्या पॅचकॉर्डमधून, म्हणजे जोडणीच्या छोट्या फायबर वायरीतून, लाल उजेड गळत होता, एवढासा, मुंगीएवढा. खिडकी लावताना ती वायर चौकटीत चेपली गेली होती. दुसरी लावली, हिरवा दिवा आला. मघाशी मेनस्विच पाडून बघितलं, नेट बंद पडलं नाही. मिसेसने घरात बसून लॉबीला फोन लावला, पहिल्या रिंगला लागला.

फायबरवाला, घर ५: दोन गोष्टी राहिल्या. फायबरसोबत जी स्टीलची तार येते ती मी प्रत्येक घराबाहेर भिंतीलाच संपवली आहे, आत घेतलेली नाही. काच वीज नेत नाही, पण ती तार नेते. कुणी ‘उरली आहे’ म्हणून आत ओढून खिळ्याला बांधू नका.

आणि विहिरीजवळ पाइपच्या तोंडातून निळी नायलॉनची दोरी बाहेर आलेली आहे. पोरांनो, ती कपडे वाळत घालायला काढू नका. पाइपात दादांच्या घरापर्यंत आरपार टाकून ठेवली आहे. उंदराने वायर कुरतडली तर नवी वायर तिलाच बांधून ओढायची आहे, चारी पुन्हा खणायला लागणार नाही.