घोट्यावरचा पट्टा आणि आईची नजर

"जिथे वजनकाटाही धड चालत नाही, तिथे बाळाच्या पायाला सेन्सर बांधून काय होणार?" ताई, तुमचा प्रश्न रास्त आहे. तरी बाळाच्या हालचाली टिपून वेळीच इशारा देणारा तो सेन्सरचा पट्टा मला हवाच वाटतो.

माझा भाचा यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यातला, 32व्या आठवड्यात जन्मलेला. तेल लावताना बहिणीला दिसायचं, डावी मूठ कायम मिटलेली, अंगठा आत. हळूच उघडली तरी पुन्हा मिटायची. सासूबाई म्हणाल्या, "त्याचा बाप बी उशिराच चालला व्हता." त्यात आठ महिने गेले. ते आठ महिने मला अजून टोचतात.

साधारण तिसऱ्या ते पाचव्या महिन्यात निरोगी बाळ अंगभर बारीक, वळवळत्या हालचाली करतं. त्या दिसल्याच नाहीत तर सेरेब्रल पाल्सीची, म्हणजे मेंदूला लहानपणीच झालेल्या इजेमुळे हालचालींवरचा ताबा बिघडण्याची, शंका घ्यावी लागते. (कमी दिवसांच्या बाळाचं वय इथे प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपासून मोजायचं.) पण हे ओळखायला सरावलेला डोळा लागतो, आणि तो खेड्यात कुठून आणायचा? घोट्या-मनगटावरच्या पट्ट्यातला सेन्सर हालचालीचा वेग, दिशा, डाव्या-उजव्यातला फरक टिपतो. निदान डॉक्टरच करणार, पट्टा फक्त इशारा देतो.

आशाताईंची तिसऱ्या महिन्याची गृहभेट असतेच, पट्टा त्यांच्या पिशवीत असावा. मात्र पुढे जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात (लहान मुलांच्या वाढीतल्या अडचणी लवकर हेरून उपचार करणाऱ्या सरकारी केंद्रात) नियमित फिजिओथेरपी मिळायला हवी, आणि कापूस वेचणीच्या दिवसांत मजुरी बुडवून लेकराला नेणाऱ्या आईला एसटीचं भाडं आणि बुडालेली रोजीही.