कम्युनिटी कॉलेजमधून बायोटेकमध्ये शिरता येतं का?

सांगलीची_लेक: नॉर्थ कॅरोलिनात मॉरिसव्हिलला राहते. मायक्रोबायॉलॉजीत बीएस्सी, मग लग्न, मुलं. आता वर्क परमिट हातात आलंय, पण एमएसचा खर्च झेपणार नाही. इथल्या वेक टेक या कम्युनिटी कॉलेजचं बायोवर्क (औषध-उत्पादनाच्या कामाचा छोटा कोर्स) करून खरंच नोकरी लागते का?

रॅलेची_मावशी: लागते गं, मी तेच करून औषधांच्या प्लांटमध्ये लागले. साधारण 136 तासांचा कोर्स. काम संशोधनाचं नाही, उत्पादनाचं: बफर (पीएच स्थिर ठेवणारं द्रावण) बनवायचं, पीएच म्हणजे आम्लता बघायची, बायोरिॲक्टरमधून (पेशी वाढवायच्या टाकीतून) नमुने काढायचे, आणि प्रत्येक पायरी बॅच रेकॉर्डमध्ये, म्हणजे औषधाच्या त्या घाण्याच्या नोंदपत्रात, त्याच क्षणी नोंदवायची. कागदावर चुकलं तर एकच रेघ, सही, तारीख. खाडाखोड अजिबात चालत नाही. औषध कुणाच्या तरी शिरेत जाणार असतं, त्यामुळे ही शिस्त मला मनापासून पटते. फक्त पाळ्या बारा तासांच्या, रात्रीच्याही. मुलांकडे कोण बघणार ते आधी ठरव.

पिपेटवाला: लॅबमध्येच रमायचं असेल तर ॲलमन्स कम्युनिटी कॉलेजची बायोटेक्नॉलॉजीची असोसिएट (दोन वर्षांची) पदवी बघा ताई. बीएस्सीच्या गुणपत्रिकांचं मूल्यांकनही करून घ्या, काही विषयांची सूट मिळू शकते.

सांगलीची_लेक: मावशी, रात्रपाळीचं डोक्यातच नव्हतं. सासूबाई सध्या इथेच आहेत, आज त्यांच्याशी बोलते. संध्याकाळची बॅच मिळाली तर बायोवर्कलाच नाव घालते.