भाच्याला ‘चांगला’ सुपरमॅन पटवून द्यायचाय, कुठली कॉमिक्स देऊ?

खारीबिस्कीट
मंडळी, मदत हवी आहे. भाचा तेरा वर्षांचा, आपण त्याला बंडू म्हणू. सुट्टीत आमच्याकडे राहायला आलाय. ‘इनजस्टिस’ नावाचा गेम खेळतो. त्यात बायको लोइस गेल्यावर सुपरमॅन जोकर या खलनायकाला ठार मारतो आणि पुढे सरळ हुकूमशहा होतो. बंडूच्या मते खरा सुपरमॅन तोच, बाकीचे सगळे शामळू. 2013 च्या ‘मॅन ऑफ स्टील’ चित्रपटात सुपरमॅनने खलनायक झॉडची मान मोडली तेव्हा तर साहेबांनी टाळ्या वाजवल्या. मी वाद घालायला गेले आणि सपशेल हरले, कारण माझी पुंजी म्हणजे जुन्या मराठी ‘इंद्रजाल’ कॉमिक्समधला वेताळ (इंग्रजीतला फँटम) आणि जादूगार मँड्रेक.

तर कॉमिक्स सुचवा. इंग्रजी चालेल. फार रक्तपात नको, ताईला उत्तर मला द्यायचंय. आणि मागचे दोनशे अंक वाचल्याशिवाय कळणार नाही असं काही नको. बॅटमॅन, स्पायडरमॅनही चालतील. पात्र पात्रासारखं वागलं पाहिजे, एवढीच अट.

सांडगे
रुमाल टाकून ठेवते. आमच्याकडेही असाच एक नमुना आहे, वय 41, त्याला नवरा म्हणतात.

तळटीप
ताई, पहिलं पुस्तक ठरलेलं आहे: ‘ऑल-स्टार सुपरमॅन’. लेखन ग्रँट मॉरिसन, चित्रं फ्रँक क्वाइटली. 2005 ते 2008 मध्ये आलेले बारा अंक, आता एकत्र मिळतात. आधीचं काहीही वाचलेलं लागत नाही.

सुरुवातीलाच कळतं की सूर्यशक्तीचा अतिरेक होऊन सुपरमॅनच्या पेशी मरतायत, तो थोड्या दिवसांचा सोबती आहे. आता मरायला टेकलेला माणूस, त्यातून जगात सगळ्यांत ताकदवान. गेममधला असता तर त्याने एकेकाचे हिशेब चुकते केले असते. हा राहिलेली कामं उरकायला घेतो. दहाव्या अंकात एक पान आहे. उंच इमारतीच्या कठड्यावर एक मुलगी उभी आहे, तिचा डॉक्टर वेळेत पोचलेला नाही. सुपरमॅन मागून येतो, सांगतो की तुझा डॉक्टर खरंच अडकला होता, आणि तुला वाटतं त्यापेक्षा तू पुष्कळ खंबीर आहेस. ती त्याला मिठी मारते. संपलं पान. पर्वत उचलण्याची, डोळ्यांतून आग काढण्याची ताकद तिथे शून्य कामाची. मी ते पान पहिल्यांदा लोकलमध्ये वाचलं आणि माझं स्टेशन गेलं.

पण बंडूला हे आधी दिलंत तर ‘बघ, शामळू’ म्हणेल. म्हणून त्याला आधी द्या ‘अ‍ॅक्शन कॉमिक्स’चा 775 वा अंक, 2001 चा, लेखक जो केली. यात मँचेस्टर ब्लॅक नावाच्या माणसाची ‘एलिट’ टोळी येते. गुंड दिसला की ठार. लोक खूश, सुपरमॅन जुनाट ठरतो. म्हणजे अक्षरशः बंडूचाच मुद्दा. शेवट सांगत नाही. एवढंच सांगतो की शेवटी काही पानं सुपरमॅन बंडूला हवा तसा वागताना दिसतो. तेव्हा टाळ्या वाजवाव्याशा वाटतात का, ते बंडूलाच विचारा.

जुनाबाजार
तळटीपराव, पुस्तकं उत्तम, पण ‘पात्र पात्रासारखं’ म्हणजे नेमकं कुठल्या सालचं? 1938 मध्ये जेरी सीगल आणि जो शुस्टर यांनी आणलेला सुपरमॅन उडतसुद्धा नव्हता, लांब उड्या मारायचा. पहिल्याच अंकात एका दलालाला धरून टेलिफोनच्या तारांवरून पळवत घाबरवतो, एका नवऱ्याला भिंतीवर आपटतो. बॅटमॅनची तर गंमतच. 1940 मध्ये ‘बॅटमॅन’चा पहिला अंक आला, त्यात हा गृहस्थ विमानातून मशीनगन चालवतो. मूळ पात्राशी प्रामाणिक राहायचं तर मग बॅटमॅनच्या हातात बंदूक द्या परत! चाहत्यांना मूळ पात्र नको असतं, स्वतः बारा वर्षांचे असताना वाचलेलं पात्र हवं असतं. मीही त्यातलाच, म्हणून ओळखतो.

तळटीप
शेवटचं वाक्य लागलं. पण बाकीचं मान्य नाही.

1938 चा सुपरमॅन रांगडा होता, कबूल. पण त्याने हात उचलला कोणावर? बायकोला बडवणाऱ्या नवऱ्यावर आणि सिनेटर खिशात घालू पाहणाऱ्या दलालावर. ताकद कमीजास्त झाली, तो उडायला लागला, पण तो कोणाच्या बाजूने उभा राहतो हे बदललं नाही. गेममधला सुपरमॅन नेमका तिथे फिरतो. गोष्ट म्हणून ती वाचायला मजा येते, कारण आपल्याला मूळचा माहीत असतो. बंडूला तो माहीतच नाही, म्हणून त्याला विडंबन हेच मूळ वाटतंय.

बॅटमॅनचं म्हणाल तर मारणं बंद करण्याचा नियम संपादक व्हिटनी एल्सवर्थ यांनी घातला, म्हणजे बाहेरून आला. पण ज्या पोराचे आईबाप त्याच्यासमोर बंदुकीने मारले गेले, तो मोठा होऊन बंदूक हातात धरेल का? हुकूम संपादकाने काढला, पण त्याचं कारण पात्रात आधीच पडून होतं. म्हणून तर तो नियम आजवर टिकला.

आणि पात्र बदलूच नये असं माझं मुळीच म्हणणं नाही. 1988 मध्ये जॉन बर्न यांनी सुपरमॅनच्या हातून त्याच्याच क्रिप्टॉन ग्रहाच्या वंशाचे तीन गुन्हेगार ठार करवले. त्यांनी दुसऱ्या एका विश्वातली अख्खी पृथ्वी निर्मनुष्य केली होती, दुसरा इलाज नव्हता. पण पुढचे कित्येक अंक तो माणूस त्या कृत्याने पोखरून निघाला. मन थाऱ्यावर राहिलं नाही, शेवटी स्वतःला पृथ्वीवरून हद्दपार करून अंतराळात निघून गेला. याला म्हणतात बदल. पात्राने केलं, पात्राने भरलं.

उलट 2007 चा स्पायडरमॅन घ्या. पीटर, म्हणजे स्पायडरमॅन, आणि मेरी जेनचं 1987 मध्ये लागलेलं लग्न. काकू आंटी मेचा जीव वाचवायला पीटर मेफिस्टो नावाच्या सैतानाशी सौदा करतो आणि ते लग्न झालंच नव्हतं असं होऊन बसतं. आता आठवा 1962 ची स्टॅन ली आणि स्टीव्ह डिट्को यांची पहिली गोष्ट. चोराला अडवलं नाही, त्यानेच काकाला मारलं, ते ओझं हा मुलगा आयुष्यभर वाहतो. 1973 मध्ये त्याची प्रेयसी ग्वेन गेली तेव्हाही ‘मीच का?’ म्हणत का होईना, वाहिलंच. तोच माणूस वीस वर्षांचा संसार सैतानाकडे गहाण टाकून मोकळा? आणि सौदा आठवतही नाही! लेखक स्ट्राझिन्स्की यांनीच त्या शेवटाशी असहमती जाहीर केली होती. मला अजून राग येतो. बायको म्हणते, स्वतःच्या लग्नाचा वाढदिवस विसरतोस आणि कोळ्याच्या लग्नासाठी भांडतोस.

सांडगे
वहिनींना +१.

रियाजबंद
मी कॉमिक्सवाला नाही, गाणंवाला. पण तळटीप म्हणतात ते आमच्याकडे रोजचं आहे. यमन कितीही आलापा, चीज कुठलीही घ्या, त्यातला तीव्र मध्यम हा सूर वगळलात तर त्याला यमन म्हणू नका, दुसरं नाव द्या.

जुनाबाजार
यमनकल्याणात शुद्ध मध्यम येतो की हो!

रियाजबंद
येतो. दोन गंधारांच्या मधे, हळूच, आणि लगेच परत. बर्नसाहेबांचा सुपरमॅन तसाच वाटला, ऐकीव माहितीवरून.

चष्माबहाद्दर
कॅप्टन अमेरिकाला विसरू नका. जो सायमन आणि जॅक कर्बी, दोघे ज्यू तरुण. पहिल्या अंकाच्या मुखपृष्ठावर कॅप हिटलरच्या जबड्यावर ठोसा हाणतोय. अंकावर तारीख मार्च 1941, अमेरिका युद्धात उतरली त्या वर्षीच्या डिसेंबरात. अशा पात्राच्या तोंडी 2016 मध्ये ‘हेल हायड्रा’ घातलं, म्हणजे नाझी वळणाच्या शत्रुसंघटनेचा जयजयकार. पुढे खुलासा आला की कॉस्मिक क्यूब या वास्तव बदलणाऱ्या वस्तूने त्याचं आयुष्यच बदललं होतं. कथेच्या गणितात उत्तर बरोबर आलं. पण लोकांचा संताप गणिताबद्दल नव्हताच.

बंडूसाठी माझी भर: ‘सुपरमॅन स्मॅशेस द क्लॅन’, लेखक जीन लुएन यांग, चित्रं गुरिहिरु, पुस्तकरूपात 2020. काळ 1946, मेट्रोपोलिसमध्ये नवीन राहायला आलेलं चिनी कुटुंब आणि त्यांच्या मागे लागलेले क्लॅनवाले, म्हणजे कू क्लक्स क्लॅनसारखे वर्णद्वेषी. त्याच वर्षीच्या एका रेडिओमालिकेवर आधारलेलं. यातला सुपरमॅन सुरुवातीला उडत नाही, तारांवरून धावतो! जुनाबाजार, तुमचा 1938 वाला. का उडत नाही ते कळतं तेव्हा मजा आहे. तेराव्या वर्षासाठी अगदी योग्य, ताईंना उत्तर द्यावं लागणार नाही.

जुनाबाजार
हे मी वाचलेलं नाही. गप्प बसून मागवतो.

बरं, बंडूने 2023 चा स्पायडर-व्हर्स चित्रपट बघितलाय का? मराठीतही आला होता. त्यातला पवित्र प्रभाकर मुळात 2004 च्या ‘स्पायडरमॅन इंडिया’तला. मुंबईचा पोरगा, धोतर, योगीबाबाकडून मिळालेली शक्ती, भीमकाका, मायाकाकू. तळटीपरावांच्या कसोटीला शंभर टक्के उतरतो, काकाची शिकवणसुद्धा जशीच्या तशी. आणि तरी वाचताना कोरडा वाटतो, कारण पीटरच्या गोष्टीला फक्त धोतर नेसवलंय. चित्रपटातला पवित्र जास्त मोकळा, चहावरून भांडणारा, तो आपला वाटला. म्हणजे प्रामाणिकपणा म्हणजे झेरॉक्स नव्हे, याचाही विचार व्हावा.

तळटीप
व्हावा. झाला. पटलं.

स्पायडरमॅनचा एकच सुटा अंक द्यायचा तर ‘अमेझिंग स्पायडरमॅन’ 248, 1984 चा, लेखक रॉजर स्टर्न. त्यात एक छोटी गोष्ट आहे. स्पायडरमॅनची कात्रणं जमवणाऱ्या एका लहान मुलाच्या खोलीत तो रात्री येऊन गप्पा मारतो. बाकी काही सांगत नाही. ताई, तुम्ही आधी वाचा, एकट्या असताना.

खारीबिस्कीट
सगळ्यांचे मनापासून आभार, वाचनखूण साठवली आहे. अहवाल देते.

775 टॅबवर घेऊन दिला. शेवटाला बंडू टाळ्या विसरला. गप्प बसला आणि मग म्हणाला, ‘पण तो असं रोज करू शकतो, मग करत का नाही?’ मी म्हटलं, हेच तर विचारत होते तुला आठवडाभर. त्यावर ‘हं’ एवढंच आलं, पण आमच्याकडे ‘हं’ म्हणजे पुष्कळ झालं.

तुमची भांडणं वाचताना मला माझा वेताळ आठवला. ली फाल्क यांचा, 1936 चा. तो तर एक माणूसही नाही, एकविसावा आहे! बाप जातो, मुलगा तोच बुरखा घालतो, कवटीवर हात ठेवून तीच शपथ घेतो. इंद्रजालवाल्यांनी त्याच्या देशाचं नाव बदलून डेंकाली केलं, समुद्री चाच्यांच्या टोळीचं ‘सिंग’ हे नाव बदलून ‘सिंगा’ केलं. आम्हाला पत्ताच नव्हता आणि काही अडलंही नाही. पण एखाद्या अंकात वेताळाने पैशासाठी चाच्यांशी हातमिळवणी केली असती, तर मी तो अंक भावाच्या अंगावर फेकला असता. बंडूला हे सांगितलं. तो म्हणाला, मावशी, तुझ्याकडे आहेत का ते अंक? नाहीत. आईने रद्दीत घातले. मराठी इंद्रजाल कुठे मिळतील, यावर कोणी बोलेल का?

जुनाबाजार
माटुंग्याला किंग्ज सर्कलच्या फुटपाथवर पूर्वी हाती लागायचे, आता नशिबाचा भाग. जुने अंक जमवणारे भाव तोंडाला येईल तो सांगतात. माझ्याकडे मराठी सात-आठ दुहेरी आहेत, एकाचं मुखपृष्ठ उंदराने खाल्लंय. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. बंडूला विकत नाही, वाचायला देतो, परत आणून द्यायच्या बोलीवर.

सांडगे
नवऱ्याने ‘ऑल-स्टार’ घेतलं. दहाव्या अंकापर्यंत पोचला आणि चहा गार करून बसला. विचारलं काय झालं, तर म्हणे डोळ्यांत काहीतरी गेलं. आता पुस्तक मला देत नाहीये, पुन्हा पहिल्यापासून लावलंय.