मशीन बदलायच्या आधी रॉड बदला

जुन्या चेतक स्कूटरच्या फूटबोर्डला वेल्डिंगने ठिगळ लावताना पत्र्याला भोकं पडतायत, असं तुम्ही विचारलंय. त्यावर लगेच मिग मशीन (रॉडऐवजी सलग तार सोडणारं वेल्डिंग मशीन) घ्या, असा सल्ला कुणी दिलाय, त्याच्याशी मी सहमत नाही. रॉडने वेल्डिंग करायच्या स्वस्तातल्या इन्व्हर्टर मशीनवरही हे काम छान होतं. तुमचा 2.5 मिमीचा रॉड त्या पत्र्याला जड आहे, आर्क (रॉडच्या टोकाशी पेटणारी विजेची ज्योत) टिकवायलाच साठ-सत्तर अँपिअर खातो. 6013 नंबरचा (साध्या लोखंडासाठीचा नेहमीचा) 2 मिमी रॉड आणा, 1.6 मिमी मिळाला तर उत्तमच. 40 अँपिअरच्या आसपास सुरुवात करा, होल्डर (रॉड धरायचा चिमटा) मशीनच्या निगेटिव्हला लावा. सलग रेघ ओढू नका. वेल्डचा एक छोटा टाका मारा, लाली जाऊ द्या, स्लॅग (वेल्डवरची कडक खपली) ठोकून काढा, मग चार बोटं सोडून पुढचा. मागून तांब्याची पट्टी दाबून धरली तर ती उष्णता ओढून घेते आणि वेल्ड तिला चिकटत नाही.

भोकाच्या कडा ग्राइंडरने घासून बघा. पत्रा कागदासारखा पातळ निघाला तर चांगला पत्रा लागेपर्यंत कापूनच टाका, तिथे कुठलंच मशीन चालणार नाही. ठिगळाला जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला) पत्रा नको, जस्ताच्या धुराने रात्री ताप भरतो. आणि पेट्रोलची टाकी आधी उतरवून लांब ठेवा. नुसती रिकामी करून भागत नाही, आत वाफ राहते.