वैशाखात चिरलेली टेबलाची फळी: चूक कोठे झाली आणि दुरुस्ती कशी करावी?

तितूरकाठ (चाळीसगाव)

नमस्कार. मी माध्यमिक शाळेत शिक्षक असून गेली तीन वर्षे सुट्टीच्या दिवशी घराच्या मागच्या पडवीत सुतारकाम करतो. पाट, चौरंग, पुस्तकांचे एक लहान कपाट आणि दोन स्टुले एवढे झाल्यावर गेल्या ऑगस्टमध्ये मुलीच्या अभ्यासासाठी मोठे टेबल करायला घेतले. गावाकडच्या आमच्या धाब्याच्या घराचा पडका भाग उतरवला तेव्हा आजोबांच्या काळातील सागाचे दोन सरे (छताच्या तुळया) निघाले होते. त्यांतून टेबलाचे चारही पाय केले. वरच्या भागासाठी एवढे रुंद जुने लाकूड मिळाले नाही, म्हणून वखारीतून एक इंच जाडीच्या सागाच्या पाच फळ्या आणल्या, त्यांच्या कडा रंध्याने सरळ करून त्या फेव्हिकॉलने जोडल्या आणि पाच फूट लांब, तीन फूट रुंद अशी एकसंध फळी तयार केली. ती वाकू नये म्हणून खालून तीन आडव्या पट्ट्या फेव्हिकॉल लावून स्क्रूने घट्ट बसवल्या.

दिवाळीपर्यंत टेबल उत्तम होते. मार्चअखेर एका टोकाकडून बारीक रेघ दिसू लागली आणि आता, वैशाखात, तिची दोन फूट लांबीची भेग झाली आहे. टोकाशी ती दोन सूत, म्हणजे पाव इंच, रुंद आहे. भेग सांध्यावर नसून एका फळीच्या मधोमध गेली आहे. पायांना मात्र कोठेही साधा तडा नाही. मुलगी याच टेबलावर बसून बारावीचा अभ्यास करते, त्यामुळे ते मोडीत काढण्याची माझी मुळीच इच्छा नाही.

माझे प्रश्न असे आहेत. लाकूड वाईट निघाले की माझ्या जोडणीत दोष आहे? भेगेत भुसा आणि फेव्हिकॉल कालवून भरले तर चालेल का? आणि पुढच्या वेळी ही वरची फळी प्लायवुडची करावी का? यानंतर अंगणात ठेवण्यासाठी एक बाक करायचा आहे. शेताच्या बांधावर वाऱ्याने पडलेली एक बाभूळ आहे, ती त्यासाठी वापरता येईल का, हेही कळवावे.

पांझरा (धुळे)

सर, लाकडाला दोष देऊ नये. मी आयटीआयमध्ये सुतारकाम शिकवून निवृत्त झालो आहे आणि आपण लिहिलेली भेग मी विद्यार्थ्यांच्या कामात इतक्या वेळा पाहिली आहे की फोटो न पाहताही तिचे कारण सांगता येते. फळी आकसत होती आणि आपण तिला आकसू दिले नाही.

लाकूड तोडून, कापून, पॉलिश केल्यानंतरही हवेतील ओलावा घेत आणि सोडत राहते. श्रावणात हवेची आर्द्रता ८० टक्क्यांच्या आसपास असते, तेव्हा वखारीत पडलेल्या फळीतील ओलावा १५ टक्क्यांच्या जवळ जाऊन स्थिरावतो. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा ४२-४३ अंशांवर जातो, काही दिवस ४५ अंशही ओलांडतो, आणि दुपारची हवा इतकी कोरडी होते की घरातील लाकूडसुद्धा ७-८ टक्क्यांपर्यंत उतरते. हा ओलावा जाताना फळी लांबीत जवळजवळ बदलत नाही. ती तंतूंच्या आडव्या दिशेने, म्हणजे रुंदीत, आकसते. साधारण चिरकामात निघालेली सागाची फळी ओलाव्याच्या प्रत्येक एका टक्क्यामागे रुंदीत सुमारे ०.१९ टक्के बदलते. आपली फळी तीन फूट, म्हणजे ९१४ मिलिमीटर रुंद आहे. ओलावा १४ टक्क्यांवरून ८ टक्क्यांवर आला असे धरले तरी तिला १० मिलिमीटर, म्हणजे तीन सुतांहून थोडे अधिक, आकसायचे होते. साग हे कमी हलणाऱ्या लाकडांपैकी एक आहे, तरीही एवढा फरक पडतो.

आता खालच्या तीन पट्ट्यांचा विचार करावा. त्यांचे तंतू टेबलाच्या रुंदीच्या दिशेने जातात, म्हणून त्यांची तीन फुटांची लांबी तशीच राहिली. वरची फळी आत येऊ पाहत होती आणि फेव्हिकॉल व स्क्रू यांनी तिला दोन्ही कडांशी धरून ठेवले होते. हा ताण कोठेतरी सुटणारच होता. आपले सांधे चांगले झाले होते, म्हणून ते सुटले नाहीत आणि शेजारचे लाकूड फाटले; कडा सरळ करण्याचे आपले काम नीट झाले होते, याचा हा पुरावा मानावा. पायांचेही तसेच आहे. आजोबांच्या सऱ्यांचे लाकूडही आजवर ओलावा घेते आणि सोडते, परंतु अडीच इंच रुंदीच्या पायात तो फरक पाऊण मिलिमीटरच्या आत असतो आणि त्याला अडवणारेही कोणी नसते.

भेगेत भुसा आणि फेव्हिकॉल भरू नये, ही माझी आग्रहाची विनंती आहे. आज भेग सर्वांत रुंद आहे. आज ती कडक भरावाने बुजवली, तर पावसाळ्यात फळी फुगताना तो भराव पाचरीसारखा आत अडकून बसेल आणि भेग पुढे सरकेल.

दुरुस्ती पुढीलप्रमाणे करावी. प्रथम सर्व स्क्रू काढावेत. फेव्हिकॉलने चिकटलेल्या पट्ट्या पटाशीने तुकड्या-तुकड्यांनी उतरवाव्यात. त्या ओढून काढू नयेत, कारण त्यांच्याबरोबर फळीचे तंतू उपटून येतात. त्यानंतर फळी सावलीत, खाली लाकडाच्या समान जाडीच्या चिपा देऊन, दोन्ही बाजूंनी हवा लागेल अशी ठेवावी. भेग पूर्ण मिटली असे दिसले तरी ती मिटली असे समजू नये. भेगेच्या रेषेवरून फळी करवतीने पूर्ण चिरावी, दोन्ही कडा रंध्याने सरळ कराव्यात आणि नव्याने जोडाव्यात. रुंदी अर्धा इंच कमी होईल, एवढेच.

पुन्हा बसवताना पट्ट्यांना फेव्हिकॉलचा थेंबही लावू नये. प्रत्येक पट्टीच्या मध्यभागी एक स्क्रू घट्ट घ्यावा, म्हणजे फळी मधून दोन्हीकडे सारखी हलेल. कडेच्या स्क्रूंसाठी पट्टीत गोल भोकाऐवजी अर्धा इंच लांबीची खाच पाडावी आणि स्क्रूखाली वायसर घालावा. येथे एक बारकावा असा आहे की, खाचेत स्क्रू कोठे ठेवायचा हे ऋतूवर अवलंबून असते. पावसाळ्यात जोडणी केली तर फळी तेव्हा सर्वांत रुंद असते आणि पुढे ती आतच येणार असते, म्हणून स्क्रू खाचेच्या बाहेरच्या टोकाशी ठेवावा. वैशाखात जोडणी केली तर आतल्या टोकाशी. आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये केली तर मध्यावर. टेबलाच्या चौकटीला फळी जोडतानाही हाच नियम पाळावा. चौकटीच्या आतून खोबण घेऊन त्यात सरकणारे लाकडी गुटके बसवले, तर काम देखणे होते आणि फळीही मोकळी राहते.

मेहरूण (जळगाव)

सरांनी मूळ कारण सविस्तर सांगितले आहे, त्यामुळे मी माझ्या अनुभवातील तीन गोष्टींची भर घालते. मी फ्लॅटमध्ये राहते आणि गॅलरीत सुतारकाम करते.

पहिली गोष्ट पॉलिशची. चाळीसगावच्या सरांनी फळीच्या खालच्या बाजूला पॉलिश केले होते का? माझ्या पहिल्या टेबलाला मी वरून चार हात दिले आणि खालची बाजू कोणाला दिसत नाही म्हणून कोरी सोडली. खालून ओलावा भराभर जाऊ-येऊ लागला, वरून तो अडत राहिला, आणि एका वर्षात फळी परातीसारखी वाकली. पॉलिशने लाकडाची हालचाल थांबत नाही, ती संथ होते. परंतु ती दोन्ही बाजूंनी सारखी संथ झाली पाहिजे. फळीच्या दोन्ही टोकांना, जेथे तंतूंची उघडी तोंडे असतात, तेथे एक हात अधिक द्यावा, कारण तेथून ओलावा सर्वांत वेगाने जातो.

दुसरी गोष्ट कूलरची. उन्हाळ्यात आपल्या घरांत कूलर रात्रभर चालतो. टेबलाचे एक टोक कूलरच्या थेट झोतात असेल, तर ते टोक दमट होते आणि दुसरे कोरडेच राहते. भेग ज्या टोकाकडे आहे त्याच्या विरुद्ध बाजूला कूलर असेल, तर टेबलाची जागा बदलावी. मूळ दोष मात्र कूलरचा नाही, तो घट्ट जोडणीचाच आहे, हे मला मान्य आहे.

तिसरी गोष्ट लाकडातील ओलावा ओळखण्याची. ओलावामापक यंत्र नसले, तरी स्वयंपाकघरातील डिजिटल वजनकाटा पुरेसा आहे. आणलेल्या फळीच्या टोकाचे चार-सहा इंच सोडून पुढचा एक लहान तुकडा कापून घ्यावा आणि जेथे फर्निचर राहणार आहे त्याच खोलीत ठेवून दर रविवारी त्याचे वजन लिहून ठेवावे. वजन उतरत असेल तर लाकूड अजून सुकत आहे. सलग तीन-चार आठवडे ते स्थिर राहिले की लाकूड त्या खोलीच्या हवेशी जुळले, असे समजावे. प्रत्यक्ष आकडा हवा असेल, तर तुकडा ओव्हनमध्ये १०० अंशांच्या किंचित वर ठेवून वजन उतरायचे थांबेपर्यंत वाळवावा. ५६० ग्रॅमचा तुकडा ५०० ग्रॅमवर येऊन थांबला, तर त्यात १२ टक्के ओलावा होता.

प्लायवुडविषयी माझे मत पांझरा सरांना कदाचित रुचणार नाही, परंतु तीन फूट रुंदीच्या टेबलासाठी मी ते निःसंकोच सुचवते. त्यातील थर एकमेकांना काटकोनात असल्यामुळे ते रुंदीत जवळजवळ हलत नाही. घरातील कोरड्या जागेसाठी आयएस (भारतीय मानक) ३०३ आणि पाण्याशी संबंध येणार असेल तर आयएस ७१० असा छाप पाहून घ्यावे. १९ मिलिमीटरचे प्लायवुड, वर सागाचे व्हिनियर (लाकडाचा पातळ पापुद्रा) आणि चारही कडांना अस्सल सागाची अरुंद पट्टी असे टेबल मी केले आहे. सहा उन्हाळे झाले, त्याचा एकही कोपरा उघडलेला नाही. येथे पट्ट्या फेव्हिकॉलने घट्ट चिकटवल्या तरी चालतात.

आणि एक सूचना, जी आपल्या भागातील उन्हामुळे मला फार महत्त्वाची वाटते. आपण जवसाचे उकळलेले तेल लावणार असाल, तर तेलाने भिजलेली फडकी चुरगाळून कोपऱ्यात किंवा डब्यात टाकू नयेत. ते तेल सुकताना उष्णता निर्माण होते आणि फडक्यांचा गोळा आपोआप पेट घेऊ शकतो. फडकी पाण्यात बुडवून ठेवावीत किंवा एकेक सुटे पसरून मोकळ्यावर वाळवावीत.

गोमाई (शहादा)

बाभळीविषयी लिहितो. आमच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या बैलगाड्यांचे आणि शेती-अवजारांचे काम होते आणि त्यासाठी बाभळीलाच पहिला मान होता, कारण ती कठीण, चिवट आणि धक्के सोसणारी आहे. अंगणातील बाकाला ती उत्तम आहे. मात्र काही गोष्टी आधीच कराव्या लागतील.

पडलेले खोड तसेच बांधावर राहू देऊ नये. ते सॉ मिलवर नेऊन दोन इंच जाडीच्या फळ्यांत चिरून घ्यावे आणि त्याच दिवशी प्रत्येक फळीच्या दोन्ही टोकांना जुना ऑइल पेंट जाडसर फासावा. आपल्या उन्हात टोके इतक्या वेगाने सुकतात की आठवडाभरात ती हातभर फाटतात. थप्पी सावलीत लावावी, प्रत्येक दोन फळ्यांमध्ये दीड-दीड फुटावर चिपा द्याव्यात आणि त्या चिपा एकाखाली एक, उभ्या रेषेत याव्यात. त्या मागे-पुढे झाल्या तर फळ्या लाटेसारख्या वाकतात. एक इंच जाडीला एक वर्ष असा जुना ठोकताळा आहे. आपल्या कोरड्या हवेत तो थोडा कमी धरता येतो, परंतु घाई करू नये.

बाभळीच्या बाहेरच्या पांढरट भागाला किडा हमखास लागतो. बाकाखाली पिठासारखी बारीक भुकटी पडू लागली, की तो आत शिरला असे समजावे. तांबूस गाभाच वापरावा आणि पांढरा भाग चिरतानाच काढून टाकावा. बाभळीवर रंधा चालवायचा तर पाते वरचेवर धारेला लावावे लागेल आणि स्क्रूसाठी आधी गिरमिटाने भोक पाडलेच पाहिजे, नाहीतर स्क्रूचे डोके तुटते. बाकाच्या बसण्याच्या जागेसाठी एक रुंद फळी न घेता चार-चार इंचांच्या पट्ट्या मध्ये दोन सूत फट ठेवून बसवाव्यात. प्रत्येक पट्टी स्वतंत्रपणे हलेल आणि पावसाचे पाणीही साचणार नाही.

झाड आपल्या बांधावरचे असले, तरी ते हलवण्यापूर्वी तलाठी किंवा वनपाल यांच्याकडे चौकशी करून घ्यावी. सागाच्या बाबतीत तर महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ लागू होतो आणि वाहतुकीचा परवानाही लागतो. सातपुड्यालगत राहणाऱ्या आम्हां लोकांना स्वस्तातला साग कोणी ना कोणी देऊ करतोच. कागद नसलेले असे लाकूड घेऊ नये. वखारीतून घेताना पावती जपून ठेवावी.

तितूरकाठ (चाळीसगाव)

सर्वांचे मनापासून आभार. काल रविवारी सर्व स्क्रू काढले आणि दोन पट्ट्या पटाशीने उतरवल्या. दुसरी पट्टी निघताना फळीतून टक्‌ असा आवाज आला आणि भेग डोळ्यांदेखत दोन सुतांवरून एका सुतापेक्षा कमी झाली. ताण म्हणजे काय, हे मला त्या क्षणी कळले. ताईंनी विचारले तसे, खालच्या बाजूला मी खरोखरच पॉलिश केले नव्हते. कूलर भेगेच्या विरुद्ध टोकाशीच आहे. तो आजच दुसऱ्या खिडकीत हलवतो. बाभूळ पुढच्या आठवड्यात तलाठ्यांना विचारून सॉ मिलवर नेईन.

एकच शंका राहिली. फळी चिरून पुन्हा जोडण्याचे काम आता सुट्टीतच करावे, की दिवाळीपर्यंत थांबावे?

पांझरा (धुळे)

तिसरी पट्टीही उतरवून घ्या आणि फळी दसऱ्यापर्यंत मोकळी ठेवा. सध्याच्या उन्हात फेव्हिकॉल लावून क्लॅम्प आवळेपर्यंत त्यावर साय धरते आणि सांधा कच्चा राहतो. तोपर्यंत मुलीच्या अभ्यासासाठी ती चौकटीवर तशीच ठेवून वापरता येईल. सरकू नये म्हणून खालून चार कोपऱ्यांना रबराचे तुकडे द्या. ऑक्टोबरमध्ये सकाळी सातच्या सुमारास सांधा जोडा, क्लॅम्प दुसऱ्या दिवसापर्यंत सोडू नका आणि खालच्या बाजूला पॉलिश केल्यावरच पट्ट्या बसवा. मेहरूण ताईंच्या प्लायवुडविषयी माझी काहीही तक्रार नाही. मात्र आपल्याकडे सागाची फळी आहे आणि ती वाचणार आहे.