'जॉन कार्टर' : मंगळावरची ही कथा खरोखरच शिळी होती का?

प्रश्न
अँड्र्यू स्टँटन यांचा 'जॉन कार्टर' (२०१२) मी नुकताच दुसऱ्यांदा पाहिला. अमेरिकेच्या यादवी युद्धात लढलेला सैनिक मंगळावर जाऊन पोहोचतो आणि चार हातांच्या हिरव्या थार्कांमध्ये सापडतो, ही कल्पना मला आजही मोहवते. निर्मितीवर २५ कोटी डॉलरहून अधिक खर्च झाला होता आणि प्रदर्शनानंतर काही दिवसांतच डिस्नेने सुमारे २० कोटी डॉलर तोट्याचा अंदाज जाहीर केला. 'हे सगळे आधी पाहिलेले आहे' हा त्यावरचा आक्षेप आपल्याला न्याय्य वाटतो का? शिवाय, नायकाच्या त्या प्रचंड उड्यांना विज्ञानाचा काही आधार आहे का?

प्रतिसाद १
आक्षेप अन्यायकारक आहे, कारण त्यात काळाचा क्रम उलटा धरलेला आहे. एडगर राइस बरोज यांची मूळ कथा १९१२ मध्ये एका मासिकातून क्रमशः आली, म्हणजे चित्रपटाच्या बरोबर शंभर वर्षे आधी. 'अवतार'च्या प्रेरणांमध्ये जेम्स कॅमेरॉन यांनी स्वतः याच कथांचा उल्लेख केला आहे, आणि 'अवतार' २००९ मध्येच येऊन गेल्यामुळे प्रेक्षकांना मूळ कथाच नक्कल वाटली. बरोज यांचा मरणपंथाला लागलेला, कालव्यांचा मंगळ हा त्या काळी अमेरिकी खगोलशास्त्रज्ञ पर्सिव्हल लॉवेल गांभीर्याने मांडत असलेल्या कल्पनेतून आला होता; १९६५ मध्ये मरिनर-४ यानाने विवरांनी भरलेल्या उजाड भूमीची छायाचित्रे पाठवली, तेव्हा त्या कालव्यांची आशा संपली. तरीही कार्ल सेगन यांच्यासारख्या शास्त्रज्ञाला लहानपणी याच कथांनी मंगळाची ओढ लावली होती, हे मला फार मोलाचे वाटते.

प्रतिसाद २
उड्यांना आधार आहे, पण थोडाच. मंगळाचे गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या सुमारे ३८ टक्के असल्यामुळे, जमीन सोडताना वेग तेवढाच असेल, तर उडीची उंची साधारण २.६ पट होईल. येथे अर्धा मीटर उडणारा माणूस तेथे सव्वा मीटरच्या किंचित वर जाईल. इमारतींवरून झेप घेणे अशक्यच. मात्र वाळवंटात प्रथम चालू पाहणारा कार्टर पुनःपुन्हा तोल जाऊन पडतो, ते दृश्य मला पटते, कारण पायांना आयुष्यभराची सवय दुसऱ्याच वजनाची असते.

प्रतिसाद ३
पहिल्या प्रतिसादाशी मी अंशतः असहमत आहे. कथा जुनी असणे हा दोष नव्हे, परंतु पटकथेतील गोंधळाला ती ढाल होऊ शकत नाही. चित्रपट आधी मंगळावरील युद्धात सुरू होतो, मग १८८१ च्या न्यूयॉर्कला येतो आणि तेथून १८६८ च्या ॲरिझोनात मागे जातो. एवढ्या तीन सुरुवातींमुळे त्या अनोळखी जगाविषयीचे कुतूहल नायकाबरोबर वाढण्याऐवजी आधीच खर्ची पडते.

प्रश्नकर्ता
तीन सुरुवातींचा मुद्दा मान्य आहे. आपण कोठे आलो आहोत हे कार्टरला ठाऊक नसते, प्रेक्षकाला मात्र ते पहिल्याच मिनिटात सांगून टाकलेले असते. वाळवंटातले ते धडपडणे सर्वांत आधी दाखवले असते, तर मंगळ आम्हालाही त्याच्याबरोबरच सापडला असता.