हटवला, हलवला की उखडला? टॅलिनचा ब्राँझचा सैनिक

एक लेख मराठीत आणतेय, एस्टोनियातल्या टॅलिनच्या ब्राँझच्या सैनिकावर, आणि पहिल्याच वाक्यात अडकलेय. २००७ च्या एप्रिलमध्ये सरकारने हा सोव्हिएत युद्धस्मारकाचा पुतळा शहराच्या मध्यातून काढून लष्करी स्मशानभूमीत नेऊन उभा केला. क्रियापद काय घेऊ? हटवला म्हटलं की वाटतं नाहीसाच केला, उखडला म्हटलं की मी एका बाजूची होते. मदत करा प्लीज.

—

ताई, सरळ 'हलवला' लिहा. २७ एप्रिलला पहाटे काढला आणि ३० तारखेला नव्या जागी लोकांना बघायला खुला, म्हणजे वस्तू तीच, फक्त जागा बदलली. 'पाडला' हे लाटव्हियाची राजधानी रीगातल्या सोव्हिएत विजयस्मारकाला लागू, तो ७९ मीटरचा स्तंभ २५ ऑगस्ट २०२२ ला खरंच पाडला. आणि त्याच महिन्यात एस्टोनियातल्याच नार्व्हा शहरातला टी-३४ हा सोव्हिएत रणगाडा चौथऱ्यावरून उचलून म्युझियमला नेला, तिथे 'उचलला' पुरे.

—

दादा, 'हलवला' मला फार हलकं वाटतं हो. खुर्ची हलवतात, कपाट हलवतात. इथे दोन रात्री दंगल झाली, एक माणूस मेला, हजारावर लोक पकडले, आणि मग बँका, वर्तमानपत्रं, सरकारी साइट्स यांच्यावर तीनेक आठवडे सायबर हल्ले. सरकारी कागदात 'स्थलांतर' शोभतं, कारण त्या शब्दात कुणाचा हात दिसत नाही, पण रशियन बोलणाऱ्या ज्या कुटुंबांनी दर ९ मे ला, म्हणजे सोव्हिएत विजयदिनाला, तिथे फुलं वाहिली त्यांना ते उखडणंच वाटलं असणार. मी तरी 'चौकातून हटवला आणि स्मशानभूमीत नेऊन उभा केला' असं पूर्ण लिहीन, दोन क्रियापदं लागली तर लागू देत.

—

क्रियापदापेक्षा नामाकडे बघा, भांडण तिथे आहे. स्मारक म्हणजे स्मरण करून देणारं, मग विचारायला हवं की कुणाला आणि कशाचं? १९४७ मध्ये सोव्हिएत सत्तेने बसवला तेव्हा नाव होतं 'टॅलिनच्या मुक्तिदात्यांचं स्मारक'. आता एस्टोनियन माणसाच्या कानाने हा 'मुक्तिदाते' ऐका. रेड आर्मी, म्हणजे सोव्हिएत सैन्य, २२ सप्टेंबर १९४४ ला शहरात शिरली तेव्हा जर्मन बहुतेक निघून गेलेले, चार दिवस आधी ओटो टीफ यांचं एस्टोनियन सरकार नेमलं गेलेलं, आणि टॅलिनच्या पिक हर्मन बुरुजावर एस्टोनियाचा निळा-काळा-पांढरा झेंडा फडकत होता. मुक्त केलं ते कुणापासून, हा प्रश्न त्यांना तेव्हापासून टोचतोय. या पुतळ्याच्या आधी तिथे एक लाकडी स्मारक होतं ते १९४६ च्या मे मध्ये दोन शाळकरी मुलींनी स्फोटाने उडवलं आणि त्यांना श्रमछावणीत जावं लागलं. म्हणजे वाद २००७ चा नाही, जवळजवळ पहिल्या दिवसापासूनचा आहे.

आणि पुतळा मात्र नावाशी जुळतच नाही! फोटो नीट पाहा, मान खाली, हेल्मेट डोक्यावर नाही तर हातात. हा जिंकलेला माणूस नाही, सोबत्यांच्या थडग्यापाशी उभा असलेला आहे. जर्मनमध्ये डेंकमाल म्हणजे स्मारक आणि माह्नमाल म्हणजे बजावून सांगणारं स्मारक असे दोन शब्द आहेत, आपल्याकडे वीरगळ आणि जयस्तंभ यांच्यात तसाच काहीसा फरक आहे, एक पडलेल्याचा, एक जिंकलेल्याचा. या सैनिकाचं शरीर वीरगळीचं आणि नाव जयस्तंभाचं. एस्टोनिया पुन्हा स्वतंत्र झाल्यावर पाटी बदलून 'दुसऱ्या महायुद्धात पडलेल्यांसाठी' केली, ती पुतळ्याला जास्त शोभली असं माझं मत.

—

मग एक अजून, पुतळ्याजवळच्या जागेतून १२ जणांचे अवशेष काढले, त्याला उत्खनन म्हणू का?

—

नको नको. उत्खनन जुन्या शहरांचं, तिथे सापडलेलं कुणाचं नसतं. 'उकरले' तर अगदीच वाईट, कोंबडी उकरते. ही माणसं होती आणि काहींचे अवशेष नातेवाइकांनी नेले. 'अस्थी बाहेर काढून पुन्हा दफन केल्या' असं लिहा.

—

'अस्थी' घेतला. वाक्य असं केलंय: 'मान खाली घातलेला ब्राँझचा सैनिक चौकातून हटवला, त्याच्यापाशी पुरलेल्या १२ जणांच्या अस्थी बाहेर काढल्या, आणि सैनिकाला स्मशानभूमीत नेऊन उभं केलं.' 'मुक्तिदाते' अवतरणात ठेवतेय, आणि ते नाव कुणी दिलं तेही त्याच वाक्यात लिहितेय.